उलट्या नळीचं रिव्हॉल्व्हर: कियाप्पा ऱ्हायनोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेकॅनिकल इंजिनिअर. शिक्षण पुण्यात झालं, नोकरीमुळे आता ओहायोत असतो. इथल्या शूटिंग रेंजवर जायची सवय लागली आणि त्यातून रिव्हॉल्व्हरच्या यंत्ररचनेचं वेड लागलं. ऱ्हायनोचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला की दर वेळी तेच प्रश्न येतात. एकदाच सविस्तर उत्तरं लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

एक खुलासा आधी करतो. मराठीत आपण हॅमरलाही घोडा म्हणतो आणि ट्रिगरलाही. इथे गोंधळ नको म्हणून घोडा म्हणजे हॅमर, काडतुसावर आपटणारा भाग, आणि चाप म्हणजे ट्रिगर, बोटाने ओढायचा भाग, असं धरून चाला.

ऱ्हायनोत वेगळं आहे तरी काय?

नळी खाली आहे. मुख्य वेगळेपण एवढंच, बाकीचे सगळे बदल त्यातून आलेले आहेत.

सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागाच्या, सगळ्यात वरच्या खणातलं काडतूस उडतं. सिलिंडरकडे घड्याळाची तबकडी म्हणून पाहिलं तर बारा वाजण्याच्या जागी. ऱ्हायनोत ते सहाच्या जागी उडतं, म्हणजे सगळ्यात खालच्या खणातलं. त्यामुळे नळी सिलिंडरच्या तळाशी बसवलेली आहे आणि तिच्या वर पट्टीसारखा उंच भाग आहे, ज्याच्या माथ्यावर नेम धरायच्या साइट्स आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की कुणी जोडताना नळी उलटी बसवली.

नळी खाली आणून मिळतं काय?

घरातलं लोखंडी कपाट वरच्या टोकाला धरून ढकललं तर कलंडतं. तेच खाली, तळाजवळ ढकललं तर सरकतं. जोर तेवढाच असतो, तो लागतो कुठे यावर कपाटाचं वागणं ठरतं.

गोळी सुटते तेव्हा मागे येणारा धक्का नळीच्या रेषेतून येतो. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही रेषा मुठीच्या बरीच वर असते. मूठ टेकू होते, वरची उंची तरफ होते आणि नळीचं तोंड आकाशाकडे उडतं. पुढची गोळी झाडण्याआधी ते खाली आणून पुन्हा नेम धरावा लागतो. वरच्या आणि खालच्या खणांच्या मध्यांत .३५७ च्या (हा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात) सहा गोळ्यांच्या सिलिंडरमध्ये ढोबळमानाने इंचभर अंतर असतं. ऱ्हायनोने ही इंचभर तरफ काढून टाकली. नळी जवळजवळ अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या रेषेत आली, त्यामुळे धक्का मनगट वर फेकण्याऐवजी सरळ तळहातात येतो.

हे प्रत्यक्षात जाणवतं का, असं मला नेहमी विचारतात. जाणवतं. मी पहिल्यांदा रेंजवर भाड्याने घेतलेल्या चार इंची ऱ्हायनोतून मॅग्नम, म्हणजे ताकदवान काडतूस, झाडली तेव्हा सवयीने हात खाली दाबायला गेलो आणि पुढची साइट लक्ष्याच्याही खाली गेली. वर्षानुवर्षं जो उसळा मी अंगाने गृहीत धरला होता, तो आलाच नाही.

म्हणजे धक्का कमी बसतो?

नाही, आणि ही चुकीची समजूत मला खरंच खटकते, कारण ती ऐकून लोक सगळ्यात लहान मॉडेल उचलतात आणि हात झिणझिणत घरी जातात.

.३५७ मॅग्नमची नेहमीची गोळी सुमारे १० ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण ३५० ते ४०० मीटर वेगाने निघते. तिच्याबरोबर जळलेल्या दारूचा वायूही जोरात बाहेर पडतो. या दोघांचा संवेग बंदुकीला मागे ढकलणारच. न्यूटनच्या नियमातून नळी खाली आणून सुटका होत नाही. बदलतो तो फक्त धक्क्याचा प्रकार. वर फिरणं कमी होतं, सरळ मागे येणं वाढल्यासारखं वाटतं. दोन इंची ऱ्हायनोचं वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे. त्यात मॅग्नम भरली तर बेचक्यात हातोडीने ठोकल्यासारखं वाटतं. त्यातच .३८ स्पेशल हे कमी ताकदीचं काडतूस भरलं तर तेच हत्यार शांत होतं. (.३८ स्पेशलचं काडतूस तीनेक मिलिमीटर आखूड असतं पण जाडी तीच, त्यामुळे .३५७ च्या खणात ते चालतं. उलटं चालत नाही.)

हे डोक्यात आलं कुणाच्या?

एमिलियो गिसोनी या इटालियन माणसाच्या. पाविया शहरातली माटेबा ही त्याची कंपनी. खाली नळी ही त्याची काही वर्षांची हौस नव्हती, जवळजवळ आयुष्यभराचा ध्यास होता. १९८० च्या दशकातल्या त्याच्या एका रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर मुठीच्या वर ठेवण्याऐवजी थेट चापाच्या पुढे नेऊन ठेवला होता. मग २००६एम हे मॉडेल आलं, त्यात नळी खालच्या खणासमोर होती. त्यानंतर १९९० च्या दशकात आलं उनिका ६, जे आजही संग्राहक शोधत फिरतात.

उनिका स्वयंचलित रिव्हॉल्व्हर होतं. धक्क्याने नळी आणि सिलिंडरसकट वरचा सगळा भाग मागे सरकायचा, त्या हालचालीतच सिलिंडर फिरायचा आणि घोडा चढायचा. पुढच्या गोळीला चाप हलका मिळायचा. विलक्षण यंत्र, पण महाग आणि जड.

गिसोनी २००८ मध्ये वारला. ऱ्हायनो बाजारात यायला थोडाच अवधी उरला होता, ती त्याने पाहिली नाही. आराखड्यात त्याच्याबरोबर आंतोनियो कुदात्सो यांचंही नाव आहे. कियाप्पा कंपनीने ते उत्पादनात आणलं, आणि मला वाटतं गिसोनीच्या कल्पनेचं सगळ्यात शहाणं रूप हेच आहे, कारण यात त्याने स्वयंचलितपणाचा मोह सोडला आणि फक्त नळीची जागा हा एकच मुद्दा धरून ठेवला.

कियाप्पा ही कुठली कंपनी?

इटलीतल्या ब्रेशा शहराजवळची. ब्रेशाच्या परिसरात बंदुका बनवणं ही शेकडो वर्षांची परंपरा आहे. बेरेट्टा तिथलीच, १५२६ पासूनची. कियाप्पाची सुरुवात १९५८ मध्ये आर्मी स्पोर्ट या नावाने झाली. जुन्या ठासणीच्या बंदुकांच्या प्रतिकृती बनवणं हा त्यांचा मूळ धंदा. जुन्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या घराने रिव्हॉल्व्हरच्या इतिहासातला इतका मोठा बदल हाती घ्यावा, याचं मला कौतुक वाटतं.

याआधी कुणी असं केलं नव्हतं?

रशियात झालंय. कोव्रोव्हच्या कारखान्यातलं एईके-९०६ हे खालच्या खणातून उडणारं प्रायोगिक रिव्हॉल्व्हर होतं, आणि त्याचं नाव ‘नोसोरोग’, म्हणजे गेंडा! इंग्रजीत ऱ्हायनो म्हणजेही गेंडाच. शस्त्ररचनाकार स्तेचकिनचं आवाज न करणारं ओत्से-३८ आणि १२.७ मिलिमीटरचं अवाढव्य आरएश-१२ यांतही नळी खालीच आहे. पण ही सैन्य-पोलिसांसाठीची हत्यारं. माटेबाची रिव्हॉल्व्हर सोडली तर सामान्य परवानाधारकाला दुकानात जाऊन घेता येईल असं ऱ्हायनोच.

उनिकाच्या स्वयंचलित भागाचा पूर्वज मात्र आपल्याकडच्या इतिहासाला चाटून जातो. वेब्ली-फॉस्बरी हे १९०१ चं स्वयंचलित रिव्हॉल्व्हर जॉर्ज फॉस्बरीने रचलं. तो बंगाल आर्मीतला अधिकारी होता आणि १८६३ च्या अंबेला मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता.

वर घोडा दिसतो तो मागे ओढला तरी परत खाली येतो. बिघडलंय का?

बिघडलेलं नाही, आणि या पानावरचं हे उत्तर कृपया दोनदा वाचा.

मागे जे दिसतं तो घोडा नव्हेच. ती घोडा चढवायची कळ आहे. खरा घोडा आत, खालच्या खणाच्या पातळीला दडलेला आहे. कळ मागे ओढली की आतला घोडा चढतो आणि कळ स्प्रिंगने आपल्या जागी परत येते. साध्या रिव्हॉल्व्हरवर शिकलेला माणूस घोडा खाली दिसला की हत्यार शांत आहे असं मानतो. ऱ्हायनोत कळ खाली असतानाही आतला घोडा चढलेला असू शकतो आणि चाप अगदी हलका झालेला असतो.

यासाठी मागच्या साइटपाशी एक छोटी लाल खूण दिली आहे. ती वर आली म्हणजे घोडा चढलेला. पण अंधारात, घाईत, घाबरलेल्या अवस्थेत ती खूण कोण पाहणार? माझं स्पष्ट मत आहे की या आराखड्याचा सगळ्यात कच्चा दुवा हाच. नळी खाली आणल्यावर घोडा खाली जाणार, हे समजतं. पण माणसाच्या जुन्या सवयीविरुद्ध जाणारी खूण इतकी बारीक असायला नको होती. घोडा उतरवायची रीत पुस्तिकेत दिली आहे. ती आधी रिकाम्या हत्यारावर, अनुभवी माणूस शेजारी उभा करून शिका. गोळ्या भरलेल्या हत्यारावर पहिल्यांदा करून पाहू नका.

चाप कसा आहे? लोक तक्रार करतात.

तक्रार निराधार नाही. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप, घोडा आणि सिलिंडर फिरवणारा भाग यांची सांगड थोडक्यात होते. ऱ्हायनोत घोडा खाली, कळ वर, आणि त्यांच्यामध्ये जोडणाऱ्या पट्ट्या आणि स्प्रिंगा. बाजूची झाकणी काढल्यावरचा फोटो पाहिला तर मनगटी घड्याळाची आठवण येते. जितके जास्त भाग एकमेकांवर घासतात तितकं चापाचं ओढणं खरखरीत होण्याची शक्यता वाढते. सुरुवातीच्या वर्षांत घेतलेल्या काही ऱ्हायनोंचा दुहेरी चाप, म्हणजे घोडा न चढवता सरळ ओढायचा, जड आणि मधे अडखळणारा होता. मी हाताळलेली अलीकडची हत्यारं बरीच गुळगुळीत आहेत. तरीही चांगल्या जुन्या कोल्ट पायथन या नावाजलेल्या रिव्हॉल्व्हरचा लोण्यासारखा चाप मनात ठेवून गेलात तर निराश व्हाल. घोडा चढवून एकेरी चापाने झाडलं तर मात्र तक्रारीला जागा नाही.

आतली रचना घरी उघडू नका. हे मी यंत्रं उघडायची खाज असलेला माणूस म्हणून सांगतोय.

सिलिंडर षटकोनी का? नुसती स्टाइल का?

नाही. गोल सिलिंडरमध्ये दोन खणांच्या मधला बाहेरचा फुगवटा ताकदीला फारसा लागत नाही. तो छाटून कडा सपाट केल्या की हत्यार कमी जाड होतं आणि कपड्याखाली कमी उठून दिसतं. साध्या गरजेतून आलेला आकार आहे, आणि दिसायलाही मला तो आवडतो.

सांगाडा ॲल्युमिनियमच्या मजबूत मिश्रधातूचा, सिलिंडर आणि नळी पोलादाची. ॲल्युमिनियम पाहून लोक नाक मुरडतात, पण जिथे स्फोटाचा दाब झेलायचा तिथे पोलादच आहे.

नेमात काही फरक पडतो का?

पडतो, आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून जरा थांबून लिहितो.

नळी खाली गेली, साइट्स वरच राहिल्या. त्यामुळे डोळ्याची रेषा आणि नळीची रेषा यांच्यातलं अंतर साध्या रिव्हॉल्व्हरपेक्षा बरंच वाढलं. या दोन रेषा ठरावीक अंतरावर एकमेकींना भेटतील अशा जुळवलेल्या असतात. त्याच्या खूप अलीकडे, तीन-चार मीटरवर, गोळी तुम्ही पाहताय त्याच्या खाली लागते. पंचवीस मीटरवर नेम जुळवला असेल तर जवळच्या कागदावर छिद्र खाली पडलेलं पाहून ‘साइट चुकीची आहे’ असं म्हणू नका. ती भूमिती आहे.

दुसरी गोष्ट तिरकेपणाची. हत्यार थोडं डावी-उजवीकडे कललं तर गोळी बाजूला जाते, आणि साइट नळीपासून जितकी उंच तितकं हे जास्त जाणवतं. मला माझ्या मनगटाचा डावा कल ऱ्हायनोनेच दाखवून दिला.

बोटं भाजतात हे खरं?

कुठल्याही रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात. मॅग्नममध्ये तो झोत कातडी फाडू शकतो. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट बोटांच्या बरीच वर असते. ऱ्हायनोत नळी खाली असल्यामुळे ती आधार देणाऱ्या हाताच्या बोटांच्या जवळ येते. पिस्तूल चालवणाऱ्यांना दोन्ही अंगठे पुढे सोडायची सवय असते. ती इथे मोडावीच लागते. दोन्ही हातांचा एकही पेर सिलिंडरच्या पुढच्या कडेच्या पुढे जाता कामा नये. मी डावा अंगठा उजव्या अंगठ्यावर दुमडून ठेवतो. रेंजवर नव्या माणसाच्या हातात ऱ्हायनो देताना मी आधी ही पकड तपासतो, बाकी सगळं नंतर.

कुठल्या काडतुसात मिळतं?

.३५७ मॅग्नम हे मुख्य. त्याशिवाय ९ मिलिमीटर, .४० एस अँड डब्ल्यू, आणि ९×२१ (गोळीची जाडी आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये). शेवटचं इटलीमुळे, तिथे बराच काळ सैन्याचं ९×१९ काडतूस सामान्य नागरिकाला वर्ज्य होतं, म्हणून दोन मिलिमीटर लांब पुंगळीचा हा भाऊ रूढ झाला. ९ मिलिमीटरच्या काडतुसाला रिव्हॉल्व्हरमध्ये अडकायला कड नसते, म्हणून सहाही काडतुसं एका पातळ पोलादी चकतीत अडकवून भरतात. चकतीमुळे भरणं आणि रिकामं करणं दोन्ही झटपट होतं. स्पर्धेत वेगाने झाडणाऱ्यांना ९ मिलिमीटरची लांब ऱ्हायनो आवडते, कारण कमी ताकदीचं काडतूस आणि खालची नळी मिळून पुढची साइट जागची हलतच नाही असं वाटतं.

दिसायला इतकं विचित्र का?

अनेकांना हे कुरूप वाटतं, आणि काहींनी तर तेवढ्यावरच ते नाकारलं. मला आधी तसंच वाटायचं. पण आपल्या डोळ्याला सुंदर रिव्हॉल्व्हर म्हणजे काय हे १८७३ च्या कोल्टने आणि नंतर स्मिथ अँड वेसनने शिकवलं. त्यात वरची नळी ही सवय आहे, नियम नव्हे. वरच्या खणातून झाडणं त्या काळी सोपं होतं, कारण उघडा घोडा मागून सरळ पुढे पडून टिकलीवर आपटायचा. ऱ्हायनोचा प्रत्येक विचित्र भाग, उंच पट्टी, ठेंगणी नळी, खोटा वाटणारा घोडा, कशासाठी आहे हे एकदा कळलं की डोळा त्याला सरावतो. माझा सरावला.

भारतात मिळेल का?

सामान्य परवानाधारकाला जवळजवळ नाहीच. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवाना लागतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारं ठेवता येतात, परदेशातून स्वतःसाठी हत्यार मागवण्याची वाट बहुतेकांना बंद आहे आणि ९ मिलिमीटर तर निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या आकारांत, मोडतं. गावाकडे परवान्यावर दिसतं ते बहुतेक .३२ चं, सरकारी कारखान्यातलं. २०१४ मध्ये कानपूरहून आलेलं निर्भीक हे रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसाचं, सुमारे अर्ध्या किलोचं, वर नळीचंच. .३२ चा उसळा मुळात एवढा कमी की तिथे नळी खाली आणायची निकडही नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचा कायदा पाहावा. किंमत हजार डॉलरच्या वर धरून चाला.

घ्यायचीच तर कुठली लांबी?

नळ्या दोन, तीन, चार, पाच आणि सहा इंची मिळतात. पहिलंच रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला मी ऱ्हायनो सुचवत नाही, वर सांगितलेल्या कळीमुळे. साध्या रिव्हॉल्व्हरवर हात बसलेला असेल तर चार इंची घ्या. दोन इंची खिशाला बरी, हाताला नाही. सहा इंची रेंजवर सुखाची, किलोच्या आत आणि सगळ्यात स्थिर, पण तिच्यासाठी म्यान शोधताना घाम निघतो. साध्या रिव्हॉल्व्हरचं म्यान हिला बसत नाही, कारण नळी भलत्याच जागी आहे.

दुकानात असाल तर सिलिंडर रिकामा आहे हे स्वतः पाहा, दुकानदाराची परवानगी घ्या, मग दुहेरी चाप सहाही खणांवर सावकाश ओढून बघा. कुठल्याही एका खणावर अडखळला तर तो नग परत ठेवा आणि दुसरा मागा.